चौकशीतले 'हौदु'

मा. संपादक महोदय,
स. न.

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत मी तीस वर्षे शिकवले. आपल्या भागात भाषेचा विषय निघाला की पाट्या, परिपत्रके आणि जमिनीचे उतारे यांवर तावातावाने बोलले जाते. मात्र अत्याचार सोसलेल्या मुलाने आपले म्हणणे कोणत्या भाषेत मांडावे, यावर कोणी बोललेले मी ऐकले नाही.

आठवीतील एक मुलगी दर सोमवारी पोटात दुखते म्हणून बाकावर डोके टेकून बसे. गृहपाठ टाळण्याचे निमित्त समजून मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. ती चूक माझीच. रविवारी मुक्कामाला येणाऱ्या नातेवाइकाविषयी तिने पुढे आमच्या एका बाईंना सांगितले, तेही ओढणीचे टोक पिळत, घरच्या बोलीत. चौकशी झाली ती कन्नडमधून. न कळलेल्या प्रश्नालाही पोर 'हौदु' (कन्नडमध्ये 'होय') म्हणत गेली, आणि तिच्याच बोलण्यात मेळ नाही असे ठरले. त्यानंतर तिने कोणालाच काही सांगितले नाही. झोप मात्र उडाली आणि बाह्यांखाली ब्लेडचे ओरखडे दिसू लागले.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे होते. त्यामुळे 'घरातली गोष्ट घरात' हा आपल्याकडचा सल्ला गुन्हेगाराच्याच सोयीचा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असूनही न कळवणे हा गुन्हा आहे. नाव खराब होईल म्हणून गप्प बसणाऱ्या शाळांनी कलम १९ आणि २१ वाचावीत. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये जबाब नोंदवताना दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद आहे. जिल्हा बालसंरक्षण कक्षाने मराठी जाणणाऱ्या दुभाष्यांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात ठेवावी. (याला कोणी सीमावादाचा रंग देऊ नये, महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलांनाही तिकडे हेच मिळायला हवे.)

जबाब संपला तरी मुलाचे मन सावरत नाही. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत मजूर आईबापांनी रोजगार बुडवून दर महिन्याला जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तालुका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी मराठीत बोलणारा समुपदेशक बसावा. तोपर्यंत मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक, १४४१६ वर मराठीतही बोलता येते या सूचनेसह, शाळेच्या फळ्याशेजारी मराठीत लिहिले जावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका