तक्रार: फोनमधून नीट ऐकू येत नाही, आमचा मूळ रिसीव्हर परत पाहिजे

नमस्कार कस्टमर केअर,

मी सोलापूरहून लिहितोय. आमचा काळा, डायलचा, आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) कंपनीचा फोन मी गड्ड्याच्या यात्रेआधी तुमच्याकडे दुरुस्तीला कुरियरने पाठवला होता, तो शिमग्याला परत आला. बॉडी चकाचक केलीय, डायल अडकायचा तो आता मस्त फिरतो, घंटी पण खणखणीत वाजते, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ऐकू येण्याची तक्रार मी केलीच नव्हती, ते एकदम चांगलं होतं, आणि आता कानाला लावला की समोरचा माणूस विहिरीत उतरून बोलतोय असं वाटतं.

हा फोन वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यातला आहे. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली पत्र्याची केबिन, बाहेर माग चालू, आणि त्या खटखटाटात मुंबईचा व्यापारी किती डझन चादरी, कुठला रंग, कधी पाठवायच्या हे सांगायचा आणि वडील ते ऐकून वहीत उतरवायचे. ऐकताना ते माऊथपीसवर तळहात ठेवायचे, कारण मागांचा आवाज माइकमधून शिरून आपल्याच कानात परत येतो, तो बंद केला की समोरच्याचं बोलणं स्वच्छ येतं. एवढ्या गोंगाटात ज्याच्यावर ऑर्डरी घेतल्या तो फोन आज बंद खोलीत ऐकू येत नाही. वडील आता नाहीत, फोन आईजवळ असतो. ती ७९ वर्षांची आहे, मोबाईल तिच्या कानावर नीट बसत नाही, बार्शीच्या मावशीचा फोन आला की ती हाच उचलते. (फोनची लाइन आता फायबरच्या डब्यातून येते, त्याला जुना डायल कळत नाही त्यामुळे फोन लावायला दुसरा आहे, हा फक्त आलेला फोन घ्यायला.) आता ती दोन मिनिटं नुसतं हं हं करते आणि हँडसेट माझ्या हातात देते.

मी तुम्हाला तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं तुमची लाइन वीक आहे. त्याच सॉकेटला बटणाचा साधा फोन लावून बघितला, डायल टोन मोठ्ठा येतो, म्हणजे लाइन ठीक आहे. दुसऱ्यांदा सांगितलं हँडसेट तळहातावर आपटा. अहो ती युक्ती माऊथपीसची आहे, त्यात कोळशाचे दाणे असतात, ते बसून घट्ट झाले की आपला आवाज समोर जात नाही, आपटल्यावर ते मोकळे होतात. आमचा आवाज समोर व्यवस्थित जातोय, कमी येतंय ते आमच्या कानात. तिसऱ्यांदा तुमचा माणूस म्हणाला की जुन्या फोनचा आवाज एवढाच असतो. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ते साफ खोटं आहे.

शेवटी आमच्या गल्लीत टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी माऊथपीसमध्ये फुंकर मारायला सांगितली, फुंकर आपल्याच कानात यायला पाहिजे, ती पण बारीकच आली, म्हणजे दोष फोनच्या आतच. मग हँडसेटची कॉर्ड मीटर लावून हलवून बघितली, कुठे तुटलेली नाही. डायलचे कॉन्टॅक्ट कागदाच्या पट्टीने पुसले, कारण डायल फिरताना कानात कटकट येऊ नये म्हणून ते रिसीव्हर शॉर्ट करतात आणि तिथेच चिकटून राहिले तर आवाज जातो. तेही ठीक निघाले. कॅपॅसिटर ठीक.

मग कानाकडची टोपी उघडली आणि काका गप्पच झाले. आत मूळ कॅप्सूल, म्हणजे ज्यातून ऐकू येतं तो रिसीव्हरचा पार्ट, नाहीच! त्या जागी खेळण्यात असतो तसला पातळ स्पीकर, पाठीवर ८ ओहम लिहिलेलं, ग्लू गनने चिकटवलेला. मूळ रिसीव्हर हातात घेतला की जड लागतो, आत कायमचं चुंबक, कॉइल आणि समोर लोखंडी पडदा, आणि त्याची कॉइल फोनमधल्या इंडक्शन कॉइलला जुळेल अशी गुंडाळलेली असते. तिथे ८ ओहमचा स्पीकर लावला की सिग्नल जवळजवळ शॉर्टच होतो, आवाज येणार कुठून? काकांनी स्वतःच्या डब्यातली एक जुनी कॅप्सूल आणली, आधी दीड व्होल्टच्या सेलला टेकवून कडक टिक येते का बघितली, मग बसवली, आणि मावशीला फोन करायला सांगितला. आईने उचलला, ती एकदम म्हणाली, "अगं किती जवळून बोलतीयेस!" मला त्यावेळी काय वाटलं ते तुम्हाला पत्रात सांगता येणार नाही. ती कॅप्सूल काकांना परत द्यायची आहे, ती त्यांची आहे.

तुमच्या बिलात "रिसीव्हर सर्व्हिसिंग ४५० रुपये" असं लिहिलंय. चांगला चाललेला पार्ट मला न विचारता काढला, दुसराच बसवला आणि वर त्याचे पैसे लावले. चुकून झालं असेल तर तसं सांगा, मी समजून घेईन, पण आमचा पार्ट कुठे आहे ते सांगा.

मला आमची मूळ कॅप्सूल परत पाहिजे. तिच्या कडेला वडिलांनी लाल ऑइल पेंटचा ठिपका दिला होता, त्यावरून ओळखता येईल. हरवली असेल तर त्याच प्रकारची जुनी, तपासलेली कॅप्सूल द्या, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी ४५० रुपये परत करा. फोन मी आता परत पाठवणार नाही, फक्त पार्ट पाठवा, कापसात गुंडाळून, आदळला तर पडदा वाकतो. बसवायचं काम काका करतील. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल, तुमच्या स्पीकरचा फोटो आणि पाठवण्याआधी काढलेले फोटो सोबत जोडलेत.

आपला ग्राहक,
सोलापूर