मधली खोकी उघडल्याबद्दल आभार

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, असे आपण फोनवर बजावून सांगितलेत, म्हणून ते येथे लिहीत नाही. पत्र मात्र जाहीरपणेच लिहीत आहे. ज्यांनी यापूर्वी आमचे पैसे पाण्यात घातले, त्यांच्या जाहिराती आजही राजरोस फिरत आहेत. मग आपल्या सचोटीबद्दलचे चार शब्द तेवढे खासगीत का राहावेत? आपण चीनमध्ये तपासून दिलेला बॅडमिंटनच्या शटलचा माल सुखरूप पोहोचला, मांडणीवर लागला, त्यातला बराचसा विकलाही गेला, आणि तरीही आपण पाठवलेल्या त्या डब्याचे झाकण हातात घेतले की मला अजून भरून येते. व्यापाराच्या पत्रात असे लिहू नये, हे मला कळते. पण हे पत्र काही व्यापाराचे नव्हे.

आपल्याला सगळे ठाऊकच आहे, परंतु इतर वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचे घर टेरी टॉवेलच्या धंद्यातले. सासऱ्यांच्या कारखान्याचा माल परदेशी जातो. मी त्याच घराच्या वरच्या मजल्यावरून खेळाच्या साहित्याचे छोटे ऑनलाइन दुकान चालवते, आणि माझे बहुतेक ग्राहक म्हणजे सोलापूर, बार्शी, पंढरपूर, लातूर, विजयपूर, कलबुर्गी या पट्ट्यातले बॅडमिंटनचे प्रशिक्षक व त्यांचे विद्यार्थी. रॅकेटच्या पिशव्या, नेट, ग्रिप, टेबल टेनिसचे चेंडू हे सारे मेरठ-जालंधरहून मागवता येते. अडते ते फुलापाशी, म्हणजे पिसांच्या शटलपाशी. आपल्या देशात हावड्याजवळच्या उलुबेरियात बदकाच्या पिसांची फुले पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत आणि ती मी विकतेही; परंतु स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकाला हंसाच्या पिसांचे, प्रत्येक वेळी सारखेच उडणारे फूल हवे असते आणि ते मुख्यतः चीनमधून येते. गेल्या काही वर्षांत तिकडे पिसांचा तुटवडा पडून भाव भडकले. परिणामी, मधल्या दलालाला वगळून थेट कारखान्याकडून माल घ्यावा, असा विचार माझ्यासारख्या लहान दुकानदारांच्या मनातही येऊ लागला.

हा विचार वाटतो तितका सरळ नाही, कारण ही वस्तू फारच नाजूक आहे. बुचाच्या बुडात बसवलेली 16 पिसे आणि नियमानुसार एकूण वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम, म्हणजे सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड फुलात एक ग्रॅमचाही फरक चालत नाही. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेले फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 53 ते 99 सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडले, तर ते योग्य वेगाचे समजायचे. पिसे जुळवून लावलेली नसली, तर तेच फूल हवेत गिरक्या खात जाते, आणि समोरच्या मुलाला आपला फटका चुकला की फूल चुकले, हेच समजत नाही. छायाचित्रात मात्र सगळीच फुले पांढरीशुभ्र आणि देखणी दिसतात.

याच गोष्टीचा फायदा आपल्या आधी भेटलेल्या मंडळींनी घेतला. पहिले गृहस्थ मोठ्या शहरात बसून चीनमधून माल आणून देण्याचे काम करतात. त्यांनी पाठवलेला नमुन्याचा डबा खरोखर उत्तम होता. येथील तीन प्रशिक्षकांनी तो खेळून पाहिला आणि मान डोलावली. त्यानंतर आलेल्या मालात प्रत्येक खोक्यातला वरचा थर नमुन्यासारखा होता आणि खालचे थर वेगळ्याच प्रतीचे होते. तक्रार केली तेव्हा ‘समुद्राच्या हवेने असे होते’ हे उत्तर मिळाले. ते उत्तरही मला मिळाले नाही, ते माझ्या यजमानांना मिळाले. प्रश्न मी विचारायचा आणि गृहस्थांनी उत्तर यजमानांना द्यायचे, ही त्यांची पद्धत होती, आणि यजमानांना तर फूल उजव्या हाताने मारतात की डाव्या, याचीही फारशी माहिती नाही. दुसरे होते जहाजाच्या भाड्याचे काम पाहणारे. त्यांनी भाडे इतके कमी सांगितले की ते जवळजवळ फुकटच वाटावे. माल न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर स्थानिक शुल्कांची जी यादी हाती ठेवली, तिच्यात भाड्याची सगळी कसर व्याजासह भरून निघाली होती. माल त्यांच्या ताब्यात आणि दिवसागणिक वाढणारे गोदामाचे भाडे आमच्या माथ्यावर, अशा वेळी घासाघीस कशी करणार? या दोघांविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

आपला क्रमांक मला आमच्या पूर्व भागातल्या एका ओळखीच्या विणकर कुटुंबाकडून मिळाला. आपला माणूस आहे, तिकडे चीनमध्ये यीवूच्या बाजाराजवळ राहतो, माल तपासून देतो, एवढेच त्यांनी सांगितले होते. मी मनाशी ठरवून ठेवले होते की या खेपेला कोणावरही विश्वास म्हणून टाकायचा नाही, आणि त्याच सुरात आपल्याशी बोलणे सुरू केले. भाव, संख्या, मुदत, सारे कागदावर लिहून तयार होते. आपण त्यातले काहीही न विचारता पहिला प्रश्न केलात, ‘ताई, ही फुले ज्या हॉलमध्ये खेळणार, त्याचे छप्पर पत्र्याचे आहे की स्लॅबचे?’

तोपर्यंत मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. हवा तापली की ती विरळ होते, फूल लांब जाते, आणि म्हणून उष्ण गावात कमी वेगाच्या क्रमांकाचे फूल लागते, हे बॅडमिंटनमधल्या प्रत्येक जाणकाराला माहीत असते. परंतु विकणाऱ्याला ते आठवत नाही, कारण त्याच्या गोदामात जो क्रमांक पडून असतो तोच त्याला खपवायचा असतो. आपले गाव एप्रिल-मे महिन्यांत 42-43 अंशांच्या पुढे जाते आणि आपल्याकडचे निम्मे हॉल पत्र्याचे आहेत, हे गाव सोडून इतकी वर्षे झाली तरी आपल्या ध्यानात होते. आपल्या सांगण्यावरून मी ग्राहकांची यादी काढून पत्रा आणि स्लॅब अशी विभागणी केली, आणि मागणी 77 या वेगाच्या क्रमांकाऐवजी त्याहून हळू उडणाऱ्या 75 व 76 मध्ये वाटून दिली.

कारखानदाराला हे अर्थातच रुचले नाही. त्याच्याकडे 77 चा तयार माल पडून होता आणि तो चांगली सूट द्यायला तयार होता. खरे सांगायचे तर त्या सुटीचा आकडा ऐकून माझे मन हलले होते. आपण फोनवर शांतपणे एवढेच म्हणालात की, सूट त्याच्या गोदामाला मिळते आहे, आपल्याला नव्हे. मागणी लहान झाली. आपले शुल्क मालाच्या रकमेवर ठरत असल्यामुळे तेही लहान झाले, आणि त्याविषयी आपण अवाक्षर काढले नाही.

पुढची सगळी कागदपत्रे, बँक, जकात यांचा तपशील येथे देत बसत नाही; तो ज्याचा त्याला करावा लागतो आणि वाचायला कंटाळवाणा असतो. दोनच गोष्टींचा उल्लेख करते. तीस टक्के आगाऊ आणि उरलेले सत्तर टक्के माल निघण्यापूर्वी, ही तिकडची रीत. आपण तिच्यात ‘तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच’ एवढे शब्द घालून घेतलेत, आणि त्या एका ओळीने सगळा व्यवहार आमच्या बाजूला झुकला. दुसरी गोष्ट त्यांच्या नववर्षाची. ते जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते, कारखाने कित्येक दिवस बंद राहतात, आणि त्याआधीच्या आठवड्यांत मागण्या उरकण्याची जी धांदल असते तिच्यात पिसांवरचा सरस नीट वाळत नाही. इकडे सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होती, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, गर्दी होती, आणि आमचे ग्राहक माल कधी येणार म्हणून विचारत होते. तरीही आपण माल सुटीनंतरच बांधायला लावलात. प्रशिक्षकांना मी तेच कारण जसेच्या तसे कळवले, आणि आश्चर्य म्हणजे एकानेही मागणी रद्द केली नाही. खरे कारण सांगितले की माणसे थांबतात. पण ते सांगण्यासाठी आधी कोणीतरी ते आपल्याला सांगावे लागते.

आता त्या डब्याविषयी.

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या माणसांनी दाराजवळची खोकी पुढे केली होती. आपण ती बाजूला सारून ढिगाच्या मधली आणि भिंतीकडची खोकी काढायला लावलीत. सासऱ्यांच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतो तेव्हा तोही गठ्ठा स्वतः निवडतो, त्यामुळे यात मला नवे वाटले नाही. नवे होते ते पुढचे. आपण सोनाराकडे असतो तसा छोटा काटा खिशात घेऊन गेला होतात आणि उघडलेल्या डब्यांतले एकेक फूल त्यावर ठेवून वजन करत होतात. त्यांतला एक डबा आपण खूण म्हणून मोहोरबंद करून माझ्याकडे पाठवलात. त्याच्या पांढऱ्या झाकणावर, आतल्या बाजूने, निळ्या बॉलपेनने बारा आकडे लिहिले होते, मराठी अंकांत, घड्याळाच्या क्रमाने, ज्या क्रमाने फुले डब्यात होती त्याच क्रमाने. सगळे पाच ग्रॅमच्या आसपासचे. एका आकड्याभोवती मात्र गोल काढला होता, 4.6, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘हे एक हलके आहे. आधीच सांगून ठेवतो.’

अण्णा, ते फूल आपण सहज बदलू शकला असतात. शेजारच्या डब्यातले एखादे चांगले फूल उचलून तेथे ठेवले असतेत, तर नमुन्याचा डबा निर्दोष झाला असता आणि मला कधीही कळले नसते. पहिल्या गृहस्थांनी निर्दोष नमुना पाठवला होता. आपण खरा पाठवलात. सबंध मालात असे एखादे फूल कोठेतरी निघणार, हे मला त्या एका गोलाने कळले, आणि मी ते ग्राहकांना विक्रीच्या वेळीच सांगू लागले. हलके फूल निघाले तर बदलून मिळेल, असे दुकानाच्या पानावर लिहिले. आतापर्यंत जी काही मोजकी फुले परत आली, ती देताना एकानेही आवाज चढवला नाही. एक प्रशिक्षक तर स्वतःच काटा विकत घेऊन वजन करू लागले आहेत आणि मुलांनाही करायला लावतात. त्यांचा काटा आमच्यापेक्षा चांगला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

सचोटीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि बहुधा ते पैसे परत करणारे रिक्षाचालक किंवा दागिने सापडवून देणाऱ्या सफाई कामगारांच्या बातम्यांच्या निमित्ताने बोलले जाते. त्या माणसांविषयी मला आदरच आहे. परंतु व्यापारात प्रामाणिकपणाची वेळ इतकी ठळकपणे क्वचितच येते. ती येते दुपारी तीन वाजता, परक्या देशातल्या गोदामात, पाहणारे कोणी नसताना, पाठ दुखत असताना, आणखी एक खोके उघडावे की नको या रूपात. आणि न उघडणाऱ्याला कोणी अप्रामाणिकही म्हणत नाही. आधीच्या दोघांनी कायद्याच्या भाषेत काही गुन्हा केला असे मी सिद्ध करू शकत नाही. त्यांनी फक्त त्रास घेतला नाही. आपण तो घेतलात, तोही एका अनोळखी बाईच्या लहानशा मागणीसाठी, जिच्यातून आपल्याला फारसे काही मिळणार नव्हते. आपले वडील मागावर बसत असत, असे आपण एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. सुताचा तुटलेला धागा गाठ मारल्याशिवाय पुढे न सोडण्याची सवय तेथून आली असावी, असा आपला माझा तर्क.

सासऱ्यांना मी ते झाकण दाखवले. ते फारसे बोलत नाहीत. चष्मा लावून त्यांनी बाराही आकडे वाचले आणि विचारले, ‘हा मुलगा टॉवेल तपासायला येईल का?’ हा निरोप मी आपल्याला जसाच्या तसा पोहोचवत आहे. उत्तर आपण त्यांनाच द्यावे.

पुढच्या हंगामाची मागणी मी पावसाळा संपताच कळवीन. या वेळी कलबुर्गीकडून 75 क्रमांकाची विचारणा अधिक आहे. कृत्रिम पिसांच्या शटलचे नमुने देऊ करणारे काही कारखानदार आता थेट मला लिहू लागले आहेत, त्यांची पत्रे आपल्याकडे वेगळी पाठवते, सवडीने पाहावीत.

राहता राहिला हिशेब. आपल्या शुल्काचे बिल आले, परंतु तपासणीसाठी उघडलेल्या डब्यांची किंमत आणि तो मोहोरबंद डबा कुरिअरने पाठवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. हे दोन्ही आपण स्वतःच्या खिशातून भरलेत, असे कारखान्याच्या पावतीवरून मला समजले. सुधारित बिल कृपया या आठवड्यात पाठवावे. ते आल्याशिवाय मी या खेपेचे खाते बंद करणार नाही.

आपली कृतज्ञ,
सोलापूरची एक दुकानदार