तक्रार पत्र: दोन लाखांची व्हिंटेज गिटार, न बसलेला फ्रेट आणि तुमची वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय,
मुंबई.

विषय: व्हिंटेज मालिकेतल्या इलेक्ट्रिक गिटारमधले बनावटीचे दोष आणि त्यावर सेवा केंद्रानं दिलेलं उत्तर.

महोदय,

गेल्या आषाढात पुण्यातल्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी तुमच्या व्हिंटेज मालिकेतली गिटार २ लाख १० हजार रुपयांना घेतली. बिल, सिरियल नंबर आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. माझ्या तक्रारीला सेवा केंद्राकडून जो ईमेल आला, त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे जवळपास एकच मजकूर चिकटवलाय: जुन्या धर्तीच्या वाद्यात असं असणं स्वाभाविक आहे. पत्र लांबलंय ते त्या एका वाक्यामुळे.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दिवसा पंपाचे आणि गिअरबॉक्सचे पार्ट, रात्री ऑर्केस्ट्रा. कोल्हापुरात गणपती, जत्रा, लग्नसराई धरली तर वाजवणाऱ्याला काम कमी पडत नाही. मापातलं मला कळतं आणि गिटारमधलंही थोडंफार कळतं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तक्रार कशाची नाही ते आधी लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा वेळ वाचेल. बोर्डाची, म्हणजे बोटं दाबतो त्या फळीची, गोलाई सव्वासात इंचाची आहे. हे घेतानाच माहीत होतं. आजच्या गिटारी साडेनऊ किंवा बारा इंची गोलाईच्या, म्हणजे बऱ्याच सपाट असतात. सव्वासात इंची बोर्ड कमानदार. बार कॉर्ड धरायला हाताला गोड लागतो, पण वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार ताणली की ती कमानीच्या उंचवट्याला टेकते आणि सूर घुसमटतो. तारा जरा उंच ठेवल्या की भागतं. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग, निवडायचा सिलेक्टर स्विच तीनच जागांचा दिलात, तोही बरोबर. ज्या घाटावर ही गिटार बेतली आहे ती लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तीनच जागा होत्या. वादक मंडळी स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून मधला आवाज काढायची, आणि पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच बसून यायला १९७७ साल उजाडलं. 'जी' (G) सुराची तार बाकीच्यांपेक्षा दांडगी वाजते, कारण पिकअपमधल्या चुंबकांची ही उंच-सखल मांडणी 'जी' तारेवर वेटोळं असायचं त्या काळातली आहे आणि आपण आता साधी तार लावतो. मंडपात लाइटिंगवाल्यानं डिमर फिरवला की अँप्लिफायर घरघरतो, आणि मधला पिकअप उलटा गुंडाळलेला नसल्यानं दोन पिकअप एकत्र लावूनही ती घरघर मरत नाही. चालायचंच. या सगळ्याचे मी जाणूनबुजून पैसे मोजलेत. पिकअपचा आवाज मात्र खरोखर उत्तम आहे. पुढचा पिकअप आणि स्वच्छ अँप्लिफायर असला की दुसरं काही नको वाटतं. ते श्रेय तुमचं.

आता तक्रार.

पंधरावा फ्रेट हाय ई, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेच्या बाजूनं बसलेलाच नाही. त्याच्या टोकाखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, ०.०८ मिमीची पाती आरामात सरकते. अंगठ्यानं दाबला की फ्रेट खाली जातो, सोडला की वर येतो. चौदा, पंधरा आणि सोळा या तीन फ्रेटवर सरळ पोलादी पट्टी ठेवली की ती डुलते. त्यामुळे चौदाव्या फ्रेटवर हाय ई तार नुसती दाबली, जराही न ताणता, तरी ती खरखरते. सेवा केंद्राचं उत्तर असं, की सव्वासात इंची गोलाईत बेंड करताना सूर दबणारच. मी बेंडचं नावही काढलं नव्हतं. ताणलेली तार अडते ती गोलाईमुळे. न ताणलेली अडते ती पुढचा फ्रेट वर आल्यामुळे. पहिलं दुखणं १९५० च्या दशकातलं आहे, दुसरं तुमच्या कारखान्यात गेल्या वर्षी झालेलं आहे.

फ्रेटच्या टोकांना बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कडा, तसाच सोडलाय. हात वर-खाली सरकवला की तर्जनीच्या मुळाशी ओरखडे उठतात. मी असा बर ठेवून पार्ट पाठवला, तर शिरोलीतली पार्टी पूर्ण लॉट परत पाठवते आणि टेम्पोचं भाडंही माझ्याच खात्यावर लावते. यावर तुमचं म्हणणं, की ग्राहकानं गिटार कोरड्या हवेत ठेवल्यामुळे लाकूड आक्रसून टोकं बाहेर आली. अहो, कोल्हापुरात, आषाढात? त्या दिवसांत आमच्याकडे रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी तसाच ओला असतो. दमट हवेत लाकूड फुगतं. आक्रसायचं तर आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च उजाडावा लागतो. खोकं उघडतानाच्या व्हिडिओत ही टोकं स्पष्ट दिसतात, तेव्हा माझ्या घरच्या हवेचा तिला अजून वाराही लागला नव्हता.

कॅटलॉगमध्ये हाडाच्या नटचं, म्हणजे बोर्डाच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीचं, मोठं कौतुक आहे. नट हाडाचाच आहे, शंका नाही. पण त्यातल्या खाचा पुऱ्या कापलेल्या नाहीत. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटच्या वर केसभर फट उरावी, इथं ०.३० मिमीची पाती जाते. सुट्या तारा ट्यूनरवर अचूक आणि पहिल्या फ्रेटवर एफ धरला की चढा, अशी गंमत आहे. कीबोर्डवाला शेजारी असला की मला सुरुवातीचे कॉर्ड वरच्या जागेवर नेऊन धरावे लागतात. बी तारेची खाच तर इतकी अरुंद आहे, की ट्रेमोलोचा, म्हणजे तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवायचा, दांडा एकदा वापरला की तार तिथंच अडकते आणि सुरात परत येत नाही.

नेक, म्हणजे गिटारची मान, तिच्या खाचेत तिरकी बसली आहे. एका बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला हाय ई तार बोर्डाच्या काठाला इतकी चिकटून, की व्हायब्राटो करताना ती खाली घसरते. जुन्या मूळ गिटारींतही अशी फट सापडते, हे तुमचं उत्तर वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. सापडत असेल. पण फट म्हणून तिला तेव्हा कोणी जादा पैसे मोजले नव्हते.

इथं थोडा इतिहास काढतो, कारण तुमच्या माहितीपत्रकाची चार पानं इतिहासानंच भरली आहेत. लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्तीतून आलेले गृहस्थ. स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांनी नेक स्क्रूंवर बसवली ती झटपट जोडता यावी आणि बिघडली तर काढता यावी म्हणून. ही कारखान्याची अक्कल आहे, आणि उद्यमनगरातल्या माणसाला ती लगेच पटते. १९५४ साली ट्रेमोलोसकट त्या गिटारची किंमत २४९.५० डॉलर होती. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं फेंडर यांची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. पुढच्या दशकात काम ढिलं झाल्याची ओरड वादकांत सुरू झाली आणि लोक जुन्या गिटारी शोधू लागले. शेवटी १९८२ मध्ये मूळ कंपनीलाच आपल्या १९५७ आणि १९६२ च्या गिटारी नव्यानं काढाव्या लागल्या. तुम्ही मूळ कंपनी नव्हे, त्या घाटाची गिटार करणाऱ्या अनेकांपैकी एक आहात. पण धंदा उभा राहिला तो याच कारणानं: लोकांना जुनं काम हवं होतं. जुना स्विच आणि पिवळट रंग त्यासोबत आला. तुम्ही स्विच आणि रंग दिलात, काम द्यायचं राहिलं.

वॉरंटीची गंमत तर वेगळीच आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, स्क्रू तुम्ही नेकच्या बुडाशी दिलाय. तो फिरवायचा तर चारही स्क्रू ढिले करून नेक वर काढावी लागते, दुसरा मार्गच नाही. आणि वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलंय, की ग्राहकानं नेक सोडली तर वॉरंटी रद्द. कोल्हापुरात पावसाळा आणि उन्हाळा यांत नेक हलणारच, म्हणजे रॉड फिरवावाच लागणार. प्रत्येक वेळी गिटार स्वखर्चानं मुंबईच्या सेवा केंद्रात पाठवायची, आठवडेच्या आठवडे वाट बघायची आणि ऐन सीझनमध्ये दुसऱ्याची गिटार मागून वाजवायची, अशी तुमची अपेक्षा आहे का? हे कलम लिहिणाऱ्यानं ही गिटार हातात घेतली असेल, असं मला वाटत नाही.

आणखी एक. रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा आहे. त्या काळी मोटारींना जो रंग मारत तोच गिटारींना मारत, हाताशी होता म्हणून. आज त्याचे जादा पैसे लागतात, तेही ठीक. पण या लॅकरला काही रबर आणि फोम चालत नाहीत, डाग पडतो, रंग मऊ होतो. गिटारसोबत मोफत मिळालेल्या तुमच्याच स्टँडच्या रबरी हातांनी नेकच्या मागे दोन काळपट डाग पाडलेत. सूचनापुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही. उत्तर काय, तर 'नैसर्गिक झीज'. स्टँड तुमचा, रंग तुमचा आणि झीज माझी!

आमच्यापासून मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम शिकलगारांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एका कामासाठी तिकडे गेलो असता तंतुवाद्य करणाऱ्या एका जुन्या कारागिराला ही गिटार दाखवली. इलेक्ट्रिक गिटारशी त्यांचा संबंध नाही. पण त्यांनी बोर्डावरून एकदा बोट फिरवलं, पंधराव्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ह्यो पडदा बसलाच नाही की हो. बघितलं न्हाई काय कुणी?" त्यांच्याकडे जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणं, गिऱ्हाइकासमोर बसून काढतात. कानाला पटेपर्यंत वाद्य दुकानाबाहेर जात नाही, आणि त्याची किंमत तुमच्या गिटारच्या जवळपासही जात नाही.

एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का, असं आमच्या ग्रुपमधली पोरं मला रोज विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. समोर बसलेल्याला फरक कळत नाही. आमच्या दुसऱ्या गिटारिस्टकडे याच घाटाची, माझ्या गिटारच्या पाव किमतीची गिटार आहे. मैदानातल्या स्पीकरवर दोन्ही ऐकून कोणी वेगळ्या ओळखून दाखवाव्यात. सर्टिफिकेट, तपकिरी केस, चामडी पट्टा, यांचा वाजवताना उपयोग शून्य. महाग गिटारचा पैसा जाणवतो तो फक्त वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला: फ्रेट समतल, टोकं गुळगुळीत, बोर्डाच्या कडा हलक्या गोल केलेल्या, नट अचूक. हे काम यंत्रातून आपोआप होत नाही, त्याला कारागिराचे तास लागतात, आणि त्या तासांचे दाम द्यायला माझी ना नव्हती. तुम्ही नेमके तेच तास वाचवलेत. मित्राची गिटार अधिक नट बदलणं आणि फ्रेट ड्रेसिंग (फ्रेट घासून समतल करणं), एवढ्यात माझ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात तुमच्यापेक्षा चांगलं वाद्य तयार होतं, हे मी आता कोणालाही सांगतो.

माझी मागणी अशी. हीच गिटार बदलून द्या, आणि बदली गिटार माझ्यासमोर मापून द्या. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. केवळ दुरुस्तीवर मी एकाच अटीवर तयार होईन: पंधरावा फ्रेट बसवून पूर्ण बोर्डाचं लेव्हलिंग, नवा नट, नेकची जोडणी आणि डागांची दुरुस्ती तुमच्या खर्चानं, येण्याजाण्याच्या भाड्यासकट, आणि ट्रस रॉडसाठी नेक सोडल्यास वॉरंटी अबाधित राहील असं लेखी पत्र. ते पत्र फक्त मलाच नव्हे, या मालिकेच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायला हवं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. ग्राहक राहतो तिथं दावा लावण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे तारखांना यायचं तुम्हालाच आहे. विक्रेत्यासोबत उत्पादकालाही पक्षकार करणार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे.

'हे फोटोत कळत नाही' असं गेल्या वेळी कळवलंत म्हणून या वेळी फिलर गेजची पाती फ्रेटखाली घातलेली असतानाचा व्हिडिओ पाठवतोय. तरी खात्री हवी असेल तर तुमचा तंत्रज्ञ उद्यमनगरात पाठवा. पट्टी, गेज, चांगला उजेड, सगळं शॉपवर आहे. फक्त सोमवारी येऊ नका, आमची सुट्टी असते.

आपला,
(सही)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू, सेवा केंद्राचा ईमेल, मोजमापाचे फोटो व व्हिडिओ.