वीज गेल्यावर आम्हाला कोण सांगणार?

मा. मंत्री, आपत्ती व्यवस्थापन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. हे सगळं आम्ही नंतर वाचलं. त्या दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे दारं लावून बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सूचना मिळाली नाही अशी माझी तक्रार नाही. आधीचे दोन दिवस टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. बंदरात बावटा लागला, होड्या वर ओढल्या, रिक्षावर कर्णा लावून गावभर सांगितलं गेलं. खाडीकाठच्या लोकांना शाळेत हलवलं, तेही करोनाच्या दिवसांत, तोंडाला फडकी बांधून. हवामान खात्याचा अंदाज खरा ठरला. पण वारा वाढला, वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली, आणि नेमकं तेव्हापासून कोणाचा शब्द कानावर येईना.

सगळे माजघरात. आधी छपराचा एखादा नळा सटकायचा, मग ओळच्या ओळ उडायला लागली. वाडीत सुपाऱ्या मोडत होत्या. घरातली म्हातारी एकच विचारत होती, "अजून किती वेळ रे?" मुंबईतल्या भाच्याला टीव्हीवर वादळ कुठवर आलं ते दिसत होतं, ज्यांच्या डोक्यावरून ते जात होतं, त्यांना मात्र आढ्याकडे बघून अंदाज बांधायचा होता.

साहेब, हा नुसत्या घालमेलीचा प्रश्न नाही. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गावावरून जातो तेव्हा वारा एकाएकी पडतो. वाटतं, संपलं. माणूस गोठा बघायला बाहेर पडतो, कोणी पत्रा धरायला छपरावर चढतो. थोड्याच वेळात तोच वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोरात येतो. "आत्ता बाहेर पडू नका, अजून निम्मं यायचंय" एवढं वाक्य त्या मिनिटाला कानावर पडलं तर जीव वाचतो. वासे करकरायला लागले की शेजारच्या स्लॅबच्या घरात पळायचं की थांबायचं, हेही वारा आणखी दहा मिनिटं राहणार की दोन तास, यावरच ठरतं.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. त्यानंतर त्यांनी निवारे बांधले. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात जवळपास १० लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. पुढे किनाऱ्यावर १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरेही उभे केले. ओडिशाची तिजोरी महाराष्ट्रापेक्षा मोठी आहे, असं कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते. व्यवस्था चांगली आहे, पण टॉवर बंद पडल्यावर तो संदेश येणार कुठून? भूमिगत वीजवाहिन्यांचं काम राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पात होतं. २०१५ च्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रही त्यात आला. जमीन खणायला वर्षं लागतात, हे समजू शकते. वायरलेस सेटला वर्षं लागत नाहीत. पोलिसांकडे असतो तसा, बॅटरीवर चालणारा एक संच किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवा, तो चालवणारी दोन पोरं गावातलीच तयार करा. हाताने फिरवायचा भोंगा द्या. वादळाच्या दिवशी आकाशवाणी रत्नागिरीवरून तासातासाला गावांची नावं घेऊन सांगा. 'कोकण किनारपट्टी' म्हणजे डहाणूही आणि वेंगुर्लेही, त्यातून आम्हाला काय कळणार? सेलवर चालणारा रेडिओ अजून बऱ्याच घरांत आहे.

भरपाईविषयी इथे लिहीत नाही. नवी सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात, पंचनाम्यात ते कुठे लिहितात हे वेगळ्या पत्रात विचारीन.

आत्ता मागणं एवढंच. मृगाआधी एक तालीम घ्या. किनाऱ्यावरच्या एका गावाची वीज आणि मोबाईल टॉवर दोन तास बंद ठेवा, आणि तहसील कचेरीतून निघालेला एक निरोप त्या गावातल्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचवून दाखवा. गाव शोधत बसायला नको, आमचं घ्या. फक्त तारीख कळवा.

आपली,
श्रीवर्धन तालुक्यातील एक बागायतदार