चमक एक, यंत्रणा दोन

महोदय,

समुद्रातील प्रकाश म्हटले की नॉक्टिलुका हा लाटांत चमकणारा सूक्ष्म सागरी जीव आणि खोल पाण्यातला काईटफिन शार्क एकाच माळेत ओवले जातात. ते चुकीचे आहे.

नॉक्टिलुका ही एकच पेशी, साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची. लाट किंवा वल्हे लागले की पेशीतल्या मोठ्या पोकळीच्या पडद्यावर विद्युतसंदेश धावतो, आतल्या सूक्ष्म पुटिका आम्लधर्मी होतात, ल्युसिफेरेज हे प्रकाश घडवणारे विकर जागे होते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी निळी चमक उमटते. पाणी सतत ढवळत राहिलात तर चमक मंदावते, कारण पेशीतला प्रकाश देणाऱ्या रसायनाचा साठा संपतो. मग तिला विश्रांती लागते.

काईटफिन शार्क दीड मीटरहून मोठा होतो. त्याच्या त्वचेतले प्रकाशअवयव धक्क्याने पेटत नाहीत. मेलाटोनिनसारखी संप्रेरके ते उजळवतात, त्यामुळे प्रकाश मंद पण बराच वेळ टिकतो. पोटाकडचा हा उजेड वरून झिरपणाऱ्या प्रकाशात सावली पुसून टाकतो, असा अंदाज आहे. म्हणजे एकाची चमक शत्रूला दचकवण्यासाठी, तर दुसऱ्याची बहुधा दिसू नये म्हणून!

— एक वाचक