विषय: बिलात नवा फेंडर, गाडीवर जुनाच. क्लेम पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, मोटार विमा विभाग

काल ११ डिसेंबरला तुमच्या लोकांशी सातव्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही. जे आहे ते लेखी देतोय आणि उत्तरही लेखीच हवंय.

१८ जूनला निवळी फाट्याजवळ पावसात घसरलेला टेम्पो माझ्या गाडीच्या डाव्या बाजूवर आला. डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), पुढचा डावा दरवाजा, हेडलाइट आणि बंपर गेले. रत्नागिरीतलं तुमच्या यादीतलं गॅरेज तेव्हा कॅशलेस घेत नव्हतं, म्हणून तुम्ही गाडी कोल्हापूरला पाठवलीत. भर पावसात आंबा घाटातून ती क्रेनवर गेली. तुमच्या सर्व्हेअरने तिथे पाहणी करून फेंडर बदलायचा आणि दरवाजा ठोकून सरळ करायचा, असं मंजूर केलं. बिल झालं १,१२,४०० रुपये. पॉलिसी झिरो डेपची, म्हणजे सुट्या भागांची घसारा-कपात न करणारी असल्यामुळे ग्राहकाच्या सक्तीच्या वाट्याचे १,००० रुपये मी भरले, बाकीचे तुम्ही. गाडी ताब्यात मिळाली ३० जुलैला. बेचाळीस दिवसांनी.

मी मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतो, बावीस वर्षं झाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर घेतलेल्या असतात आणि वर्षाची मोठी कामं त्याच दोन महिन्यांत उरकायची असतात. नेमक्या त्या दिवसांत इंजिनांची हेडं आणि पंप मी रिक्षात घालून फिरवत होतो. तरी तेव्हा एका शब्दाने बोललो नाही. काम चांगलं होऊन येतंय ना, मग होऊ दे उशीर, असं म्हटलं.

दिवाळी झाल्यावर गाडी धुताना डाव्या फेंडरवर, चाकाच्या कमानीच्या कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढे फोड दिसले. एकावर नख दाबलं तर रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतून तांबडं पाणी आलं. दरवाजाच्या खालच्या कडेलाही तसेच चार फोड. फ्रिजवरचा चपटा मॅग्नेट आणून लावून बघितला. उजव्या फेंडरवर कुठेही लावा, चिकटतो. डाव्या फेंडरवर हेडलाइटपासून वीतभर मागे लावला की घसरून खाली पडतो. म्हणजे तिथे पत्र्यावर लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) जाड थर आहे. कंपनीतून आलेल्या कोऱ्या फेंडरला इतकी लांबी कशाला लागेल?

मग चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं लायनर काढलं आणि बॅटरी मारली. आतून हातोड्याचे घाव स्पष्ट दिसतात. प्रायमर नाही, अंडरकोट नाही, नुसता पत्रा. आणि कमानीच्या मागच्या टोकाला एक भोक आहे. ते भोक मी ओळखतो, कारण ते मीच पाडलंय. दोन वर्षांपूर्वी मडफ्लॅप बसवताना पाच एमएमच्या ड्रिलने पाडलं, हात जरा तिरका गेला होता, म्हणून ते गोल नाही, लांबट आहे. बोटीच्या कामातला स्टेनलेसचा स्क्रू आणि रबरी वॉशर लावून फ्लॅप बसवला होता. गॅरेजने फ्लॅप काढून टाकला, भोक बाहेरून लांबीने बुजवलं आणि वर रंग मारला. आतून ते उघडंच राहिलंय. तुमच्या बिलात ‘फ्रंट फेंडर डावा, नवीन’ असं लिहून पैसे लावलेत. त्या नव्या फेंडरला माझं दोन वर्षांपूर्वीचं भोक कसं?

हे सगळं फोटोंसकट २२ नोव्हेंबरला ईमेलने पाठवलं. ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ यापलीकडे एक अक्षर आलं नाही. सहा वेळा वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून सांगितलं. काल शेवटी वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडून दिलं. ते बोलणं जसं झालं तसं लिहितोय, कारण ते तुमच्या वरच्या लोकांपर्यंत गेलंच पाहिजे.

मी फेंडरचं सांगायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, “सर, गाडी कुठे असते?” म्हटलं, रत्नागिरीत. “समुद्राजवळ?” म्हटलं, हो. “मग सर, कोकणात गाड्या गंजतातच. खारी हवा आहे ना. हे वेअर अँड टेअरमध्ये जातं, पॉलिसीत बसत नाही.” मी म्हटलं, गाडी तीन वर्षं त्याच अंगणात, त्याच हवेत उभी आहे. उजव्या बाजूला गंजाचा ठिपका नाही. उजव्या फेंडरलाही मीच पाडलेलं तसंच भोक आहे, त्यालाही गंज नाही. मग खारी हवा फक्त डाव्या बाजूला लागते का? यावर म्हणाले, “सर, तुम्हाला टेक्निकल समजणार नाही.”

बावीस वर्षं माझे हात खाऱ्या पाण्यातल्या लोखंडात आहेत. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे का लावतात आणि ते झिजले की बोटीचं काय होतं, हे मला विचारा. कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यावर संरक्षक थर असतो. ठोकताना, ग्राइंडर फिरवताना तो निघून जातो. मग नीट प्रायमर न मारता लांबी थापली, तर लांबी ओल धरते आणि खाऱ्या हवेत पत्रा आतून सडायला लागतो. गंज हवेमुळे वाढला हे मान्य. पण हवेसाठी दार कोणी उघडं ठेवलं? तुमच्या यादीतल्या गॅरेजने.

मग म्हणाले, “तुम्ही काम समाधानकारक असल्याच्या कागदावर सही केलीय.” केली. ३० जुलैला संध्याकाळी सात वाजता, पावसात, एका ट्यूबलाइटच्या उजेडात, सही केल्याशिवाय किल्ली मिळणार नाही असं सांगितल्यावर. रंगाखालचा पत्रा कुणाला दिसतो? शेवटी म्हणाले, “फोटो क्लिअर नाहीत, गाडी कोल्हापूरला दाखवा, सव्वाशे किलोमीटरच तर आहे.” ज्यांनी जुना फेंडर नवा म्हणून लावला, त्यांनाच नेऊन दाखवायचा! मी हे बोलत असतानाच फोन होल्डवर गेला. लाइन चालू होती, गाणं वाजत होतं आणि मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ मग फोन बंद.

गंजापेक्षा मला हे जास्त लागलंय. पाच वर्षांत तुमच्याकडे एक क्लेम केला नव्हता. पन्नास टक्के नो क्लेम बोनस होता, तो या एका क्लेमने शून्यावर आला. सासऱ्यांची आणि दोन भावांची पॉलिसी माझ्या शब्दावर तुमच्याकडे आली. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

आणि यात पैसे तुमचेही गेलेत. नव्या फेंडरचं बिल तुम्हीच भरलंत. गॅरेजने तुम्हालाही फसवलं, मी त्याचा पुरावा देतोय आणि तुम्ही मलाच गप्प करताय. हे मला खरंच समजत नाही.

माझं मागणं असं. कोल्हापूरच्या कामाशी संबंध नसलेला दुसरा सर्व्हेअर रत्नागिरीत पाठवा. फेंडर खरोखरचा नवा बसवा आणि दरवाजा पत्र्यापर्यंत सोलून त्याचं काम नव्याने करा, तेही इथे, आंबा घाटापलीकडे नाही. पहिला सर्व्हे रिपोर्ट, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, फेंडरच्या पार्ट नंबरसह खरेदीचं बिल आणि काढलेला जुना फेंडर कुठे गेला याची नोंद मला द्या. गाडी डावीकडे ओढते, पुढचा डावा टायर आतून खाल्लाय, त्याचं अलाइनमेंटही याच कामात.

इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे तक्रारीचा निकाल तुम्ही १४ दिवसांत द्यायला हवा. नाही दिलात तर त्यांच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकतो. महिना उलटला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जातो, तिथे फीही लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, म्हणून रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात तुम्हाला आणि गॅरेजला दोघांनाही उभं करीन. बेचाळीस दिवसांच्या रिक्षाच्या भाड्यासकट. ही धमकी समजा, माझी हरकत नाही.

फोटो पुन्हा जोडलेत. गाडी अंगणात आहे. इथल्या डेंटरने ते भोक भरून देतो म्हटलं होतं, मी त्याला हात लावू दिला नाही. सर्व्हेअर येईपर्यंत लायनरही काढलेलंच राहील.

आपला पॉलिसीधारक,
रत्नागिरी, १२ डिसेंबर