लाभांशाचे टक्के कशावरचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर नुकतीच ‘भरघोस लाभांश देणाऱ्या स्वस्त कंपन्यां’ची यादी आली. एका रकान्यात लाभांशाचे टक्के, दुसऱ्यात शेअरचा भाव, संपली यादी. आम्हा कोल्हापूरकरांना ती हमखास चकवणार. इथल्या बहुतेकांनी लाभांश पहिल्यांदा पाहिला तो पतसंस्थेच्या नाहीतर नागरी बँकेच्या वार्षिक सभेत. शंभराच्या शेअरवर बारा टक्के म्हणजे बारा रुपये, हिशेब सरळ. शेअर दर्शनी किमतीला, म्हणजे त्यावर छापलेल्या मूळ किमतीलाच मिळालेला, आणि सहकार कायद्याची १५ टक्क्यांची मर्यादाही सगळ्यांना पाठ. अशा माणसाने ‘९०० टक्के लाभांश’ वाचला की डोळे फिरणारच. पण तो टक्का दर्शनी मूल्यावरचा. एक रुपयाच्या शेअरवर नऊ रुपये. शेअर बाजारात सहाशेला असेल तर पदरात पडतो दीड टक्का.

तेव्हा आधी भावाशी ताडून काढलेला टक्का, म्हणजे यील्ड छापावा. मात्र तेवढ्याने शेअर स्वस्त ठरत नाही. समजा, साडेतीनशेचा शेअर १४ रुपये लाभांश देतो, यील्ड ४ टक्के. धंद्यात काहीतरी बिनसले, भाव दोनशेवर आला. लाभांश तोच, यील्ड मात्र ७ टक्के! कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नाही. बाजाराच्या दिवशी धार न काढता आणलेल्या म्हशीची कास भरलेलीच दिसते. जाणता गिऱ्हाईक दोन्ही वेळची धार समोर काढायला लावतो. शेअरच्या बाबतीत ती धार म्हणजे कमाई. वरच्याच कंपनीची प्रतिशेअर कमाई १६ रुपये असेल तर पीई, म्हणजे भाव कमाईच्या किती पट ते, साडेबारा, दिसायला स्वस्तच. पण १६ पैकी १४ रुपये, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के नफा वाटला जातोय. पुढच्या वर्षी कमाई १२ वर आली की हा लाभांश द्यायचा कुठून?

खाणी आणि धातूंच्या धंद्यातल्या वेदांता कंपनीचे उदाहरण जाहीरच आहे. २०२२-२३ मध्ये कंपनीने शेअरमागे १०१.५० रुपये वाटले, त्या वर्षीच्या नफ्याच्या तिपटीहून जास्त. मार्च २०२३ अखेर भाव तीनशेच्या आत होता, म्हणजे यील्ड तेहतीस टक्क्यांच्या वर. पुढच्या वर्षी लाभांश आला २९.५० रुपये. आधीच्या वर्षीचा आकडा पाहून ज्यांनी उडी घेतली, त्यांना यादीने काय सांगितले होते?

नुसत्या पीईवरही भिस्त नको. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. तेजीत नफा फुगलेला असतो, म्हणून पीई नेमका तेव्हाच कमी दिसतो. साखर, पोलाद, खाणी यांचे असेच. तिथे एका वर्षाचा नव्हे, पाच-सात वर्षांचा सरासरी नफा धरावा. शिवाय कामकाजातून प्रत्यक्ष रोकड किती आली आणि व्याज भागवून किती उरली, हेही बघावे. कागदावर नफा आणि लाभांश मात्र कर्ज काढून, असल्या कंपन्या आहेतच. (बँकांना मात्र भांडवलाच्या मानाने कर्ज किती, हे माप लावू नये. तिथे बुडीत कर्जे तपासावीत, हे सहकारातल्या माणसाला कळतेच.)

कराबद्दल तर यादीत अवाक्षर नव्हते. १ एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे सात टक्के पाचाच्याही खाली येतात. मग मुदत ठेवीशी तुलना करताना दोन्हीकडे कर वजा करूनच करायला हवी. रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे ज्या दिवशीच्या भागधारकांना लाभांश मिळतो त्या तारखेच्या, आदल्या दिवशी शेअर घेऊन लाभांश उचलण्याची शक्कलही चालत नाही, कारण सहसा भाव दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढाच उतरतो.

यापुढे अशी यादी देताना यील्डशेजारी नफ्यातला किती हिस्सा वाटला, कर्ज किती आणि गेल्या पाच वर्षांत दर वर्षी लाभांश किती दिला, हे तीन रकाने वाढवावेत. जागा पुरत नसेल तर वीसऐवजी आठच कंपन्या छापा.

– एक नियमित वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर